उलटगाव उसात होतं

मी भित्री बाई आहे. हे माझ्या घरात कुणाला सांगून पटत नाही, कारण भीती वाटली की मी गप्प बसत नाही, ओरडते. लेकीनं स्कूटीवर मागं नीट धरलं नाही की ओरडते. कृष्णेला पाणी चढलं की नवऱ्यावर ओरडते, जसं काय त्यानंच ते सोडलंय. सांगलीत आमच्या ऑफिसातली माणसं म्हणतात, बाईंचा स्वभाव तापट. तापट कसला डोंबलाचा! आत नुसती धडधड चाललेली असते.

माहेरी गेलं की ही धडधड दुप्पट होते. माहेर इस्लामपूरपासून अर्ध्या तासावर, आणि घराच्या तीन अंगांना ऊस. लहानपणी त्याच उसात आम्ही दिवसच्या दिवस काढले. पण तेव्हा बिबट्या म्हणजे शिराळ्याच्या पलीकडच्या डोंगरातली गोष्ट होती. आता तो उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. कुणाचं कुत्रं नेलं, कुणाची शेळी नेली, सगळं गावाच्या ग्रुपवर बघायला मिळतं. गेल्या वर्षी महाशिवरात्रीला जोडून सुट्टी आली म्हणून मी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन चार दिवस माहेरी गेले. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच तिला बजावलं, "उसात शिरलीस तर तंगडं मोडून हातात देईन. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली. मी निर्धास्त झाले. माझ्या धाकात पोरगी आहे, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

घरात माझा धाकटा भाऊ, तो फौजेत आहे आणि तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याची बायको. आणि त्यांची सात वर्षांची पोरगी, माझी भाची. ही भाची म्हणजे माझ्या लेकीची सावली. ताई म्हणेल ती पूर्व. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी न्याहारी करून बाहेर गेल्या आणि दुपारी परत आल्या त्या उलटगावच्या होऊन.

उलटगाव हे त्यांनी वसवलेलं गाव. तिथं सगळं उलट बोलायचं. भूक लागली की "पोट फुटायला आलंय" म्हणायचं. पाहुणा आला की "आलात कशाला, चालते व्हा" म्हणून त्याला बसायला टाकायचं. माझी लेक सरपंच आणि भाची बाकी सगळं गाव. गावच्या माणसानं मनगटाला उसाची हिरवी पात बांधायची. पात आहे तोवर सगळं उलट, पात सोडली की माणूस सरळ. हा नियम लेकीनं मला दोनदा समजावून सांगितला. "मम्मी, आधी मनगट बघायचं आणि मग ऐकायचं." मी दोन्ही वेळा मान डोलावली. एवढी हिरवीगार पात येते कुठून, आणि हे गाव नेमकं आहे कुठं, हे काही मला विचारावंसं वाटलं नाही.

खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. भाची जवळ येऊन म्हणायची, "आत्या, तुमी लय वंगाळ दिसताय आज." मी म्हणायचे, "हो गं बाई, आणि तू तर मला डोळ्यासमोर नकोस." ती खुदुखुदु हसत माझ्या मांडीवर येऊन बसायची. भाऊ सरपंचाला कडक सॅल्यूट ठोकायचा, आणि सरपंच त्याला म्हणायची, "मामा, तुमची सुट्टी कधी संपणार एकदाची!" तेव्हा मात्र भावजयीचा चेहरा जरा उतरायचा. ती म्हणायची, "पुरं झालं आता, सरळ बोला की गं." पण ऐकतंय कोण. संध्याकाळपर्यंत मी सुद्धा तरबेज झाले. पोरी काही बोलल्या की डोक्यात आपोआप ते उलटं व्हायचं आणि मगच कळायचं. मनगट बघायची गरजच पडेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आला. घरामागचा अठरा गुंठ्यांचा तुकडा तोडायचा राहिला होता. कारखान्याचा हंगाम संपत आलेला, आणि टोळीला घराकडं परतायची घाई. मुकादम म्हणाला, "दादा, पाचट लय हाय. पेटवून द्या. उद्या पहाटं कोयता लावतो, न्हाईतर आमी पुढच्या फडावर चाललो." उभा ऊस पेटवला की नुसती पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जळते, कांड्या राहतात, आणि तोडायला सोपं जातं. हे आमच्याकडं आता सगळेच करतात. कारखान्याला ते आवडत नाही, पण टोळी निघून गेली तर ऊस वाळून जाईल. भावानं दुपारी वाऱ्याचा अंदाज घेतला आणि ठरवलं की पाच वाजता पेटवायचं.

उभा ऊस पेटवायची आमच्या घरची एक रीत आहे. पेटवणाऱ्यानं डबा बडवत, ओरडत रानाला तीन फेऱ्या मारायच्या. तीनच बाजूंना आग लावायची, ओढ्याकडची चौथी बाजू जनावरांना पळायला मोकळी सोडायची. आणि घरातलं एक माणूस वरच्या बांधावर उभं करायचं. पोरंबाळं, शेळ्या, कोंबड्या, सगळं बाहेर आहे याची खात्री त्या माणसानं करायची आणि मग हात वर करायचा. त्याचा हात वर गेल्याशिवाय काडी ओढायची नाही. वडील होते तोवर ते काम त्यांचं होतं. त्या दिवशी भाऊ म्हणाला, "आक्का, तू हुबी ऱ्हा बांधावर. तुझ्यावानी घाबरट माणूसच पायजे तितं." मला हसू आलं, आणि जरा बरंही वाटलं.

पावणेपाचला मी बांधावर जाऊन उभी राहिले. निघताना सोप्यात डोकावले होते. अर्ध्या तासापूर्वी लेक तिथं पालथी पडून मोबाईल बघत होती. आता मोबाईल चार्जिंगला लावलेला होता आणि ती नव्हती. परड्यात भावजय भांडी घासत होती, तिच्याकडं असेल असं मी धरून चालले. हाक मारायला पाहिजे होती. एक हाक मारायला किती वेळ लागतो? एवढ्यातेवढ्यावरून घर डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशीच नेमकी हाक मारली नाही.

भावाची पहिली फेरी झाली. रिकामा तेलाचा डबा बडवत तो ओरडत होता, "आत कोण हाय का? भाईर या! फड पेटवायचाय!" दुसरी झाली. तिसरी झाली. मग तो खालच्या अंगाला डाव्या कोपऱ्यावर जाऊन थांबला. काठीला चिंध्या गुंडाळून डिझेलमध्ये बुडवलेल्या होत्या, ती काठी त्यानं उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात पाटाच्या कडेनं भाची पळत आली. केसांत पाचटीचा कचरा, फ्रॉक मळलेला. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, ताई आत हाय."

मी हसले. अगदी मनापासून हसले. म्हटलं, "हो का? बरं बरं, बसू दे आतच."

"न्हाई आत्या, खरंच आत हाय. उसात."

"कळलं गं उलटगावकरीणबाई. म्हणजे ताई घरात आहे, आणि तिथं ती अभ्यास करत बसली असणार." माझ्या विनोदावर मीच पुन्हा हसले.

तिनं उजवा हात माझ्यापुढं केला. सरळ, ताठ, तोंडासमोर धरला. मला वाटलं, आग लागणार म्हणून पोर भ्यायलीय, हात धर म्हणतेय. मी तो हात घट्ट धरला. नेमकं मनगटच माझ्या मुठीत आलं. "भ्यायचं नाही, आत्या आहे ना," मी म्हटलं, आणि दुसरा हात वर केला.

भावानं काडी ओढली.

ज्यांनी उसाचा फड पेटताना बघितला नाही त्यांना कसं सांगू? वाळलेली पाचट धरायला वेळ घेतच नाही. खालच्या कोपऱ्यातून भाऊ काठी टेकवत डाव्या बांधानं वर पळत आला, आणि तो माझ्यापासून वीस पावलांवर पोचला तोवर त्याच्या मागं नारळाच्या झाडाएवढी आग उभी राहिली होती. ताडताड ताडताड कांड्या फुटायला लागल्या. तोंडावर धग आली. मी दोन पावलं मागं सरले, भाचीला ओढलं, पण ती जागची हलेना. काय झालं म्हणून खाली बघितलं, तर तिच्या पायांवरून पाणी ओघळत होतं. सात वर्षांची घोडी, उभ्या उभ्या मुतली होती. आणि आगीकडं टक लावून बघत होती, तोंड उघडं, आवाज नाही.

मी मूठ उघडली. मनगटावर पात नव्हती. पात काचून उठलेली लाल रेघ तेवढी होती.

माझ्या अंगातलं रक्त गोठलं म्हणतात तसं काही झालं नाही. उलट सगळं अंग पेटल्यासारखं झालं. ओरडणं ज्या बाईचं सगळं भांडवल, तिच्या तोंडून आवाज फुटेना. भाऊ वरच्या बांधाला काठी लावत माझ्या दिशेनंच येत होता. मी धावत जाऊन त्याच्या हाताला लटकले. "आत... आत..." एवढंच आलं. तो म्हणाला, "कोण आत?" आणि माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं. त्यानं काठी पाटात फेकली आणि उजव्या बांधानं ओढ्याकडं सुटला. उजवी बाजू अजून पेटवायची राहिली होती, तेवढंच काय ते नशीब.

मी त्याच्या मागं पळाले. चप्पल कुठं गेली कळलं नाही. आता आवाज फुटला. "बाहेर ये! बाहेर ये गं, बाळा!" मी बांधावरून ओरडत होते, आणि ओरडता ओरडता माझ्या डोक्यात एकदम आलं, हिच्या मनगटावर पात असली तर? 'बाहेर ये' म्हणजे उलटगावात 'आतच थांब.' मग काय ओरडू? येऊ नको म्हणू? आणि पात नसली तर? मला काही सुचेना. सांगते तुम्हाला, आई असून पोरीला 'ये' म्हणावं की 'येऊ नको' म्हणावं हे कळेना, अशी वेळ वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. शेवटी मी ओरडले, "मारणार नाही! मी तुला मारणार नाही गं!" आणि ते तोंडातून बाहेर पडल्या पडल्या लक्षात आलं, हेही उलटंच ऐकू गेलं तर!

धूर ओढ्याकडं लोटत होता. मोकळ्या सोडलेल्या बाजूनं आधी एक ससा बाहेर आला. मग मुंगसाची जोडी आली आणि माझ्या पायांवरून गेली. त्यानंतर काहीच नाही. नुसतं ताडताड आणि वरून पडणारी काळी राख. भाऊ टॉवेल पाटात भिजवून तोंडाला बांधून आत घुसला. दोन सऱ्यांमधल्या बोळातून वाकून गेला आणि दिसेनासा झाला. मी मागं जायला लागले, पण पाय उचलेनात. आत पोर आहे, भाऊ आहे, आणि मी बांधाला धरून उभी. माझ्याच पायांची मला इतकी चीड कधी आली नव्हती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. भाऊ मागं मागं सरत बाहेर आला, दोन्ही काखांत हात घालून तिला ओढत. तिचे डोळे उघडे होते. एका बाजूचे केस जळून आखडले होते, भुवया नव्हत्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजून सोललेला. त्यानं तिला तशीच ओढ्याच्या पाण्यात नेऊन बसवली. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि मला बघून म्हणाली, "मम्मी, मी उसात नव्हते गेले."

तिच्या मनगटावर पात नव्हती. खोटंच बोलत होती, साधं, रोजचं खोटं, माझ्या माराच्या भीतीनं. मी तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडले.

भाची बांधावर तशीच उभी होती. भाऊ ओढ्यातून वर आला.  गेला आणि भाचीच्या थोबाडीत ठेवून दिली. "खेळ सुचतो व्हय गं तुला? तोंड न्हवतं सांगायला, ताई आत हाय म्हणून?"

ती काही बोलली नाही. माझ्याकडं बघितलं फक्त.

आणि मीही काही बोलले नाही. हे लिहायचं म्हणूनच एवढं सगळं लिहिलं. मला बोलता येत होतं, आवाज आलेला होता. पण लेक मांडीवर होती, भाऊ पिसाळलेला होता, आणि तो हात वर करणारी मी होते. मी भ्याले. तोंडाला कुलूप लावून बसले.

इस्लामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला. म्हणाले, धूर गेलाय छातीत, पण वेळेत काढलीत. नवरा सांगलीहून आला. भावजयीनं त्याला सांगितलं, "आमच्या पोरीचं चुकलं, दाजी. तिनं सांगितलं न्हाई." नवरा म्हणाला, "जाऊ द्या, लहान आहे." तेव्हाही मी सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिले. गोष्ट जितकी फिरत गेली तितकी पक्की होत गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, त्या धाकटीनं खेळाच्या नादात घात केला असता. मी म्हणायचे, "चालायचंच." मला रात्री झोप नव्हती, पण तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेकीला सोडलं. तिला आधी माहेरीच आणली, कारण तिला भाचीला बघायचं होतं. भाचीनं त्या दिवसापासून धड बोलणं सोडलं होतं म्हणे. विचारलं तर मान हलवायची, तीही कशी तरीच. सोप्यात आम्ही सगळे बसलो होतो. लेकीच्या हाताला पांढरी पट्टी. ती म्हणाली, "मला मामाची हाक ऐकू आली होती. पण मम्मी बांधावर दिसली. बाहेर आले असते तर तिनं मारलं असतं, म्हणून मी खाली बसले. पेटवायचं म्हणजे एवढं मोठं असतं हे मला काय माहीत."

मग ती भाचीकडं वळली. "तुला मी पाठवलं होतं ना? मामाला सांग, मम्मीला नको सांगू, म्हटलं होतं. सांगितलं नाहीस तू?"

भाची पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. तिनं एकवार माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "इसरले."

तीन दिवसांत बहुतेक तिचा हा पहिला शब्द असेल. सात वर्षांचं पोर, आणि मला वाचवायला बसलं होतं.

मी म्हटलं, "खोटं आहे ते. ती विसरली नव्हती." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ती माझ्याकडं आली होती. दोनदा सांगितलं तिनं, ताई आत आहे. पात सोडून आली होती, हात पुढं करून दाखवला मला. मी बघितलंच नाही. मी हसले, आणि हात वर केला. तिनं सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं."

भाऊ माझ्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडं गेली. नवरा उठून बाहेर गेला. लेक माझ्याकडं अशी बघत होती, जसं काय मी पहिल्यांदाच तिच्यासमोर आले होते.

भाची उठली. मला वाटलं ती आईकडं जाईल. ती माझ्याकडं आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर, छातीवर, जिथं लागेल तिथं मारायला लागली. आगीत रडली नव्हती, थोबाडीत खाऊन रडली नव्हती, ती आता हुंदके देऊन रडत होती. "सांगितलं हुतं की! मी सांगितलं हुतं!"

"होय," मी म्हणत राहिले. "होय बाळा, सांगितलं होतंस." तिला आवरायला कुणी उठलं नाही, आणि मी तिचे हात धरले नाहीत.